ब्रुएन निकाल, न्यू जर्सी आणि खिशातलं पिस्तूल

रॅरिटनकाठचा | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी कार्यक्रमाच्या सुरक्षेवरून गेले दोन दिवस चांगलीच जुंपली होती. एका सभासदाकडे पिस्तूल बाळगायचा परवाना आहे. तो म्हणाला, मी दाराशी थांबतो. निम्मे म्हणाले वा वा, निम्मे म्हणाले मग आम्ही पोरांना घेऊन येत नाही. शेवटी ॲडमिनने ग्रुपला कुलूप घातलं. सभागृह शाळेचं आहे आणि शाळेत बंदूक न्यायला बंदी आहे, त्यामुळे मुळात भांडायचं कारणच नव्हतं. पण त्या भांडणात लोक जे कायदे सांगत होते त्यातले निम्मे २०२२ च्या आधीचे होते, म्हणून हा धागा.

२०२२ पर्यंत जर्सीत साध्या माणसाला घराबाहेर पिस्तूल बाळगायचा परवाना मिळणं जवळपास अशक्य होतं. 'जस्टिफायेबल नीड' दाखवावी लागे, म्हणजे तुमच्यावर आधी हल्ला झालाय किंवा नेमक्या तुम्हालाच धमकी आहे असं सिद्ध करायचं. धंद्याची रोकड घेऊन फिरतो एवढं कारण पुरत नसे. न्यूयॉर्कमध्ये हाच प्रकार 'प्रॉपर कॉज' या नावाने होता. तिथला परवान्याचा कायदा १९११ चा, सलिव्हन कायदा. आल्बनीजवळच्या दोघांनी अर्ज केले. त्यांना शिकारीपुरता आणि नेमबाजीपुरता परवाना मिळाला, सरसकट बाळगायचा मिळाला नाही. तोच खटला 'न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन'.

२३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. निकालपत्र न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचं. २००८ च्या हेलर निकालाने घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीखाली (शस्त्र बाळगायचा हक्क, १७९१) घरात पिस्तूल ठेवायचा हक्क मान्य केला होता, २०१० च्या मॅकडोनाल्डने तो राज्यांनाही लागू केला. ब्रुएनने तो उंबऱ्याबाहेर आणला. राज्य परवाना मागू शकतं, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, सगळं मागू शकतं (कॅव्हानॉ यांनी वेगळ्या मतात हे मुद्दाम लिहिलंय). पण 'तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरज का आहे' हे विचारू शकत नाही. तेव्हा ४३ राज्यांत हे विचारत नव्हतेच. विचारणारी राज्यं सहा: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, हवाई. शिवाय वॉशिंग्टन डीसी. म्हणजे आपले लोक जिथे दाटीवाटीने राहतात तीच यातली बरीचशी. जर्सीने दुसऱ्याच दिवशी ती अट काढून टाकली.

निकालाचा दुसरा भाग जास्त खोलवर गेला. यापुढे बंदुकीचा कोणताही निर्बंध टिकवायचा तर त्यामुळे किती जीव वाचतात हा मुद्दा कामाचा नाही. देशाच्या इतिहासात तशा प्रकारचा निर्बंध होता हे सरकारने दाखवायचं. झालं, सरकारी वकील दुसऱ्या दुरुस्तीच्या, म्हणजे १७९१ च्या आगेमागचे कायदे उकरायला बसले. इंग्लंडचा १३२८ चा नॉर्थॅम्प्टनचा कायदासुद्धा कोर्टात वाचला गेला (बहुमताने तो बाजूला सारला).

माझं मत सांगून टाकतो. 'कारण विचारायचं नाही' हे कोर्टाचं म्हणणं मला पटतं आणि इतिहासाची कसोटी अजिबात पटत नाही. दोन्ही एकाच निकालात आहेत ही अडचण.

---

ऑस्टिनचा बंड्या | १५ नोव्हेंबर, रात्री १०:२५

आमच्याकडे सप्टेंबर २०२१ पासून परवानाच लागत नाही. २१ पूर्ण, गुन्ह्याची नोंद नाही, की लाव कमरेला आणि चाल. अशी राज्यं आता २९ आहेत. फ्लोरिडात उघड बाळगायला बंदी होती, तीही तिथल्या अपील कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

पण टेक्सास म्हणजे वाइल्ड वेस्ट असं समजणाऱ्यांसाठी: इथे दुकानाच्या दारावर पाट्या असतात. ३०.०६ ची पाटी असेल तर परवानाधारकाने लपवून आणायचं नाही, ३०.०७ असेल तर दिसेल असं आणायचं नाही. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच, सगळं कायद्यात लिहिलंय. अक्षर बारीक असेल तर पाटी कायद्याने पाटीच नाही. बारवर लाल '५१ टक्के'ची पाटी, म्हणजे इथलं निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूचं, बंदूक बाहेर. आमच्या नेहमीच्या किराणा दुकानाच्या काचेवर ३०.०७ आहे, ३०.०६ नाही. म्हणजे शर्टाखाली असेल तर भाजी घ्या, वर दिसत असेल तर गाडीत ठेवून या. दहा वर्षं झाली, आता त्या पाटीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

---

रॅरिटनकाठचा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

@बंड्या, हीच पाटी सुप्रीम कोर्टापुढे गेलेल्या एका मोठ्या खटल्याचा विषय आहे.

ब्रुएननंतर या राज्यांनी सरळ डाव बदलला. 'कोणाला' अडवता येत नाही ना, मग 'कुठे' ते अडवू. न्यूयॉर्कने आठवड्याभरात कायदा केला, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू. टाइम्स स्क्वेअर, सबवे (भुयारी रेल्वे), उद्यानं, बार, नाट्यगृहं, प्रार्थनास्थळं अशी लांबलचक यादी. जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये तसाच केला: बीच, ग्रंथालय, संग्रहालय, कसिनो, दवाखाने, आणि सरकारी परवानगी लागणाऱ्या जमावापासून १०० फूट. (गणपतीची मिरवणूक टाउनशिपची परवानगी काढून निघते, तेव्हा मंडळींनी ही ओळ वाचून ठेवावी.) थॉमस यांनी निकालातच बजावलं होतं की गर्दी आहे आणि पोलीस आहेत एवढ्यावरून अख्ख्या मॅनहॅटन बेटाला 'संवेदनशील जागा' म्हणता येणार नाही. राज्यांनी बेट सोडलं आणि बेटावरच्या जागा एकेक करून धरल्या.

त्यातलं सगळ्यात चलाख कलम खासगी जागेचं. टेक्सासात मालकाने 'नको' म्हणायचं असतं. न्यूयॉर्क, जर्सी, हवाई वगैरेंनी उलटं केलं: मालक स्पष्ट 'हो' म्हणत नाही तोवर दुकानात, पेट्रोल पंपावर, हॉटेलात बंदूक नेणं गुन्हा. पाटी लावायचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे पाटी नसल्याचा अर्थ काय धरायचा यावर सगळं अवलंबून. न्यूयॉर्कचं हे कलम लोकांसाठी खुल्या जागांपुरतं सेकंड सर्किटने अडवलं (सर्किट म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालचं, विभागवार फेडरल अपील कोर्ट). जर्सीचं थर्ड सर्किटने सप्टेंबर २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, पण बीच-ग्रंथालयांची यादी बहुतेक टिकवली. हवाईचं मात्र नाइन्थ सर्किटने २०२४ मध्ये कायम केलं. त्यावरचं अपील, वूलफर्ड विरुद्ध लोपेझ, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखल करून घेतलं.

आता गंमत ऐका. हवाईचं कलम टिकवताना नाइन्थ सर्किटने जुना दाखला कोणता दिला? न्यू जर्सीचा १७७१ चा कायदा! परक्याच्या जमिनीवर त्याच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक नेऊ नये. आणि जर्सीच्याच फेडरल न्यायालयात तो दाखला चालला नाही, कारण तो चोरून शिकार करणाऱ्यांसाठी होता म्हणे. दुसरा दाखला लुइझियानाचा १८६५ चा. गुलामगिरी संपल्या संपल्या मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांना जखडायला जे कायदे आले, त्यातलाच तो. हवाईतल्या बर्गरच्या दुकानात पिस्तूल न्यावं की नाही हे त्यावरून ठरवायचं.

---

काउंटरमागचा | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

माझं लिकर स्टोअर आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी चर्चेचा नाही. दुकान रात्री दहाला बंद करतो आणि गल्ला घेऊन गाडीपर्यंत जातो. आधी अर्जच केला नव्हता, कारण टाउनच्या पोलिसांनी तोंडीच सांगितलं होतं, वेळ घालवू नका. निकालानंतर केला. फी ५० ची २०० डॉलर झाली होती. चार ओळखीचे लोक द्यायचे, तेही नातेवाईक नकोत, आणि किमान तीन वर्षांची ओळख हवी. त्यांना ईमेलवर लिंक जाते. एकाची स्पॅममध्ये गेली, दुसऱ्याच्या बायकोने त्याला नाव द्यायलाच नकार दिला, तिसरा म्हणाला उद्या तू काही केलंस तर मला बोलावतील का. माणसं गोळा करता करता माझा घाम निघाला. मग रेंजवर जाऊन नेम दाखवायचा. अक्षरशः पिस्तूल धरण्यापासून उभं राहण्यापर्यंत सगळं बघतात.

एक सांगतो, जर्सीचा परवाना पेन्सिल्व्हेनियाच्या पुलापलीकडे आणि तिकडचा इकडे आपोआप चालतो असं कुणी समजू नका. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, दोन मुलांची आई, पेन्सिल्व्हेनियाचा परवाना घेऊन इकडे आली. ट्रॅफिक स्टॉपला पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. जागच्या जागी अटक. इथे किमान साडेतीन वर्षांची सक्तीची शिक्षा आहे. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली म्हणून सुटली. ड्रायव्हिंग लायसन्स जसं पन्नास राज्यांत चालतं तसं हे नाही.

---

चिंचेचं झाड | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

काउंटरमागचा, तुमची अडचण कळते. पण मी इमर्जन्सी विभागात काम करते, तर मला दुसऱ्या टोकाचं दिसतं. ब्रुएनच्या विरोधातलं न्या. ब्रायर यांचं मत सुरूच आकड्याने होतं: २०२० मध्ये अमेरिकेत ४५,२२२ माणसं गोळीने मेली. बफेलोच्या सुपरमार्केटमधला आणि युव्हॅल्डीच्या शाळेतला गोळीबार निकालाच्या जेमतेम महिनाभर आधी झालेला. बहुमताचं उत्तर काय, तर हे सगळं इथे गैरलागू. न्या. अलिटो यांनी तर वेगळं मत लिहून उलट विचारलं की न्यूयॉर्कचा कायदा असूनही बफेलो घडलंच ना. वकिली उत्तर म्हणून बिनतोड. स्ट्रेचरशेजारी उभं राहून म्हणून दाखवा.

आणि त्या इतिहासाच्या कसोटीचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलंच नाही. रहीमी खटला! टेक्सासचा माणूस, मैत्रिणीला मारहाण केली म्हणून कोर्टाचा संरक्षण आदेश, तरी बंदुका जवळ. फिफ्थ सर्किटने ब्रुएनचं बोट धरून म्हटलं, अठराव्या शतकात घरातल्या मारहाणीसाठी बंदूक काढून घेत नसत, सबब हा फेडरल कायदा बाद. बरोबरच, त्या काळात बायकोला मारणं याला कोण गुन्हा म्हणत होतं? शेवटी जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने तो कायदा वाचवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की हुबेहूब जुना कायदा सापडायलाच हवा असं नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. एकटे विरोधात कोण? थॉमस. ज्यांनी कसोटी लिहिली तेच म्हणत होते की बाकीचे ती नीट लावत नाहीत.

---

ॲड. वऱ्हाडी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५० (भारतीय वेळ)

इकडचं थोडं. आमच्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे. आर्म्स ॲक्ट १९५९. तरी ही गोष्ट आपल्याकडे कधी चर्चेतच नव्हती असं नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क चक्क लिहिलेला होता. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा राग त्यामागे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेल्या ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती पडली. परका राजा गेल्यावर मागणीतला जीवच गेला. उलट अनुच्छेद १९ मध्ये आपण 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क लिहिला.

१९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शस्त्राचा हक्क अनुच्छेद २१ मधून काढून दाखवला होता, तो पुढे पूर्णपीठाने खोडला. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना कट्ट्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलं, तेव्हा न्या. जोसेफ यांनी अमेरिकेचं नाव घेऊनच सांगितलं की तसा हक्क आपल्या घटनेत नाही.

परवाना असला तरी २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. एका माणसाला शस्त्रं तीनाची दोन केली तीही तेव्हाच.

माझ्याकडे येणारी प्रकरणं मात्र वेगळी असतात. पीक संरक्षणाचा परवाना, आजोबांच्या नावची बारा बोअर, शेतात रानडुकरं. निवडणूक लागली की ठाण्यातून फोन: बंदूक जमा करा. पावती घ्या, निकाल लागेपर्यंत रानडुकरांना समजावून सांगा. आमचे एक अशील प्रत्येक निवडणुकीला बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने ठाण्यात नेतात. खरं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेता येणार नाहीत, माणूस बघून, कारण बघून ठरवा. त्यावरून निवडणूक आयोगाने छाननी समित्यांच्या सूचना काढल्या. तालुक्यापर्यंत फोन मात्र अजून सरसकटच येतो.

---

नेरळ लोकल | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३० (भारतीय वेळ)

एकंदरीत अमेरिकेत बंदूक घ्यायला कारण लागत नाही, दुकानात शिरायला पाटी वाचावी लागते. आमच्याकडे बंदूक नाही आणि पाट्या पुण्यात. चालू द्या.

---

चिंचेचं झाड | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

@रॅरिटनकाठचा, कारण विचारू नये हे तुम्हाला का पटतं ते सांगितलं नाहीत. वकीलसाहेबांच्या देशात सगळी व्यवस्थाच कारण विचारण्यावर उभी आहे आणि तिथे इमर्जन्सीत माझ्या वर्गमैत्रिणींना गोळीचे पेशंट क्वचित दिसतात.

---

रॅरिटनकाठचा | १६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

कारण विचारणारा माणूस कोण असतो ते बघा. न्यूयॉर्कमध्ये परवाना कुणाला मिळायचा? वजनदार व्यावसायिक, नामांकित लोक, निवृत्त पोलीस. ब्रुएनमध्ये बंदूक संघटनेच्या बाजूने ब्राँक्स आणि ब्रुकलिनच्या सरकारी बचाव वकिलांनी निवेदन दिलं होतं, हे फार कुणी सांगत नाही. हे काही बंदूकप्रेमी नव्हेत. त्यांचं म्हणणं, विनापरवाना पिस्तुलासाठी आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे काळे आणि लॅटिनो. त्यांना परवाना मिळायची सोय नाही आणि सापडले तर साडेतीन वर्षांपासून पुढे.

नोव्हेंबर २०२१ च्या सुनावणीत अलिटोंनी न्यूयॉर्कच्या वकील बार्बरा अंडरवुड यांना विचारलं: रात्री उशिरा मॅनहॅटनमधून सुटणारे लोक, कचेऱ्या झाडणारा, इमारतीचा डोअरमन, नर्स, हॉटेलात भांडी घासणारा. सबवेने जातात, मग वस्तीतून चालत जातात, जीव मुठीत धरून. त्यांना परवाना मिळेल? उत्तर आलं की निव्वळ तेवढ्यावर नाही. मला वाटतं खटला तिथेच संपला होता.

आता पुढचं बघा. त्या भांडी घासणाऱ्याला आज परवाना मिळू शकतो. सोळा तासांचा वर्ग, वर दोन तास रेंजवर, फी, कामावरून सुट्ट्या. एवढं करून पिस्तूल घेतलं तर ते सबवेत नेता येत नाही, कारण सबवे संवेदनशील जागांच्या यादीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सेकंड सर्किटने ती बंदी तूर्त कायमही ठेवली. ज्याचं नाव घेऊन हक्क मिळवला तो जिथल्या तिथे. गाडी असणाऱ्याची मात्र सोय झाली.

तुमचा भारताचा मुद्दा खरा आहे, पण इथे लोकांकडे बंदुका आधीपासूनच आहेत. कारण विचारल्याने त्या कमी होत नाहीत, परवान्याबाहेर राहतात.

---

चिंचेचं झाड | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

म्हणजे कारकुनाचा पक्षपात घालवायला कारकून सुधारायचा नाही, त्याचं कामच काढून टाकायचं? सबवेतल्या बंदीबद्दल मला तरी वाईट वाटत नाही. गर्दीच्या वेळी ई ट्रेनमध्ये दोघांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखली तर तिसऱ्याचं काय, हे १७९१ मध्ये कुणाला सुचणं शक्यच नव्हतं.

---

ऑस्टिनचा बंड्या | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

हवाईच्या राज्य सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'अलोहा'ची भावना या असल्या जगण्याशी जुळत नाही असं निकालपत्रात लिहिलं होतं. दिल्लीचं सोडा, वॉशिंग्टनला असं तोंडावर सांगणारं राज्य विरळाच.

---

नवीनचआलोय | १६ नोव्हेंबर, रात्री ८:०५

एक बाळबोध प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे. मित्र लास व्हेगसला रेंजवर जाऊ म्हणतायत, तिथे भाड्याने बंदूक मिळते. चालतं ना? सगळेच जातात.

---

काउंटरमागचा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अजिबात नको. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. भाड्याची हातात धरली तरी बाळगलीच. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. रेहैफ नावाच्या विद्यार्थ्याचं प्रकरण वाच: फ्लोरिडात विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे व्हिसा गेलेला, रेंजवर नेमबाजी केली, थेट फेडरल खटला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की आपला दर्जा काय हे त्याला ठाऊक होतं हे सरकारने सिद्ध करावं. तुला तर तुझा दर्जा ठाऊक आहे, आणि आता तो तू लिहूनही ठेवलायस. ग्रीन कार्ड आलं की ही आडकाठी जाते. तोवर मुख्य पळवाट म्हणजे वैध शिकारीचा परवाना.

---

नवीनचआलोय | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४२

घरी माळकरी आहेत हो. शिकारीचा परवाना निघाला हे कळलं तर आई फोन उचलणार नाही. व्हेगसला बुफेच बरा.